तोसदान आणि मॅगझीन : भरलेला बार अंगावर वागविण्याची साधनें

शस्त्रांच्या जुन्या याद्या वाचतांना आपलें लक्ष तोफा, बंदुका व तलवारी यांच्या आंकड्यांवर खिळतें, आणि त्याच यादींत खालीं येणारीं तोसदान, शिंग, पट्टा हीं नांवें आपण किरकोळ सामान समजून सोडून देतों. संग्राहकांची रीतहि याहून फारशी निराळी नाहीं. बंदूक भिंतीवर लागते; तिच्याबरोबर आलेली चामड्याची पेटी माळ्यावर पडते व पुढें उंदरांच्या वाट्यास जाते. वस्तुतः बंदूक ही अर्धीच वस्तु होय. एका वेळेस उडवावयाची दारू व गोळी मिळून जो बार होतो, तो तयार स्थितींत शिपायाच्या हाताशीं नसेल तर उत्तमांतील उत्तम बंदूक ही केवळ एक जड काठी आहे. म्हणून कोणत्याहि फौजेची खरी ताकद समजून घ्यावयाची असेल तर तिच्याजवळ किती नळ्या होत्या एवढें पाहून भागत नाहीं. भरलेला बार तिचे लोक कशांत, कोठें व किती वागवीत, हें पाहावें लागतें. आजच्या रायफलीचें भरलेलें मॅगझीन छातीवरच्या पिशवींत घालून जो शिपाई चालतो, त्याच्यापुढील प्रश्न व तोड्याची बंदूक खांद्यावर टाकून चालणाऱ्या बरकंदाजापुढील प्रश्न हा एकच आहे, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास दफ्तरें वाचणाऱ्यास उपयोगी पडण्याजोगा आहे.

धनुर्धराला हा प्रश्न सोपा होता. संस्कृतांत भात्यास इषुधि, तूण, तूणीर, निषंग अशीं नांवें आहेत. पैकीं इषुधि म्हणजे जेथें इषु ठेवले जातात तें. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील पंचाहत्तराव्या सूक्तांत धनुष्य, ज्या व कवच यांच्या बरोबरीनें भात्याचीहि स्वतंत्र स्तुति आहे; अर्थात् त्यास गौण लेखण्याची आपली चूक त्या सूक्तकारानें केली नाहीं. खांडवदाहाच्या प्रसंगीं अर्जुनास गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळाले ही कथा सर्वांस ठाऊकच आहे. योद्ध्याची खरी चिंता धनुष्य मोडेल ही नसून भाता सरेल ही असते, हें त्या कथेच्या मुळाशीं स्पष्ट दिसतें. परंतु बाण ही घडून तयार झालेली एकसंध वस्तु आहे. ती काढावी आणि जोडावी. बंदुकीचा बार मात्र मुळांत एकसंध नव्हता. दारू वेगळी, गोळी वेगळी, दोहोंमध्यें ठासावयाची चिंधी वेगळी, आणि कानावर घालावयाचें बारीक रंजक तें आणखी वेगळें. या सर्वांची मिळून बाणासारखी एक वस्तु करण्यास शेंकडों वर्षें लागलीं, व ती झाल्याशिवाय बंदुकीस भाता मिळाला नाहीं.

तोड्याच्या बंदुकीबरोबर आपल्याकडे जें साहित्य असे त्याचे नमुने पुष्कळ उरले आहेत. जाड दारूसाठीं शिंग अथवा कातड्याचा बुधला, रंजकासाठीं लहान रंजकदाणी, गोळ्यांसाठीं बटवा, आणि तोड्याची गुंडाळी. मोगली अमदानींतील हस्तिदंती रंजकदाण्या, ज्यांवर हरणें, चित्ते व पक्षी एकमेकांत गुंफून कोरलेले असतात, त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत पाहावयास मिळतात. गुजराथकडील शिंपल्याचें काम केलेल्याहि प्रसिद्ध आहेत. असली सुंदर वस्तु हातीं आली म्हणजे तिच्यावर अत्तरदाणी अशी चिठ्ठी चिकटविण्याचा मोह होतो. तोंडाशीं कमानीनें आपोआप मिटणारें बारीक टोपण व पट्ट्यांत अडकविण्याची कडी असली तर ती रंजकदाणी समजावी. अत्तराला असल्या टोपणाची गरज नसते.

या सामग्रीनें बार भरण्यास वेळ किती लागे याची कल्पना कृति मनांत घोळविल्यानेंच येते. शिंगांतून अजमासानें दारू ओतावयाची, गोळी शोधून नळींत सोडावयाची, गजानें ठासावयाची, रंजकदाणी उघडून कान भरावयाचा. आणि हें सर्व करीत असतां पेटलेला तोडा डाव्या हाताच्या बोटांत धरून तो दारूपासून दूर ठेवावयाचा. घाईंत दारूचें माप चुकलें तर गोळी जवळच पडते, अथवा नळी फुटते. मोर्चाच्या आड बसून, किल्ल्याच्या जंग्यांतून नेम धरून मारणाऱ्यास हें चालत असे, व आपले बरकंदाज त्या कामांत निष्णात होते. उघड्या मैदानांत ओळीनें उभें राहून एकसारखा मारा करण्यास मात्र ही व्यवस्था अपुरी पडते.

युरोपांत यावर पहिली युक्ति निघाली ती खांद्यावरून आडव्या टाकलेल्या पट्ट्याची. त्या पट्ट्यास लांकडाच्या लहान कुप्या दोऱ्यांनीं लोंबत्या बांधीत. त्या बहुधा बारा असत, व प्रत्येकींत एका बाराची मोजलेली दारू आधींच भरलेली असे. याकोब दे खेइन यानें सन १६०७ मध्यें हॉलंडांत प्रसिद्ध केलेल्या कवाइतीच्या सचित्र ग्रंथांत हा पट्टा घातलेले बंदूकवाले उत्कृष्ट कोरले आहेत. मापाचा प्रश्न यानें सुटला. परंतु जुनें दुखणें बरें करतांना नवें लावून घ्यावें तसें झालें. ऑररीचा अर्ल रॉजर बॉइल यानें सन १६७७ च्या आपल्या युद्धकलेवरील ग्रंथांत या पट्ट्यावर घेतलेले आक्षेप वाचण्याजोगे आहेत. कुप्या एकमेकींवर आपटून इतका खडखडाट होतो कीं रात्रीच्या छाप्यांत शत्रु आधींच सावध होतो, व दिवसा आपल्याच नायकाचा हुकूम शिपायास ऐकूं येत नाहीं. एका कुपीस ठिणगी लागली कीं बाकीच्या पेट घेतात, आणि पट्टा अंगावर असल्यामुळें घालणाराच भाजून निघतो. म्हणून त्यानें पट्ट्यापेक्षां काडतुसांच्या पेटीचा पक्ष घेतला. आवाज, ओल, अग्नि आणि हाताची सवड अशा चार कसोट्या त्याच्या या आक्षेपांभोंवतीं उभ्या राहतात. पुढील तीनशें वर्षांतलें एकहि साधन त्यांतून सुटलेलें नाहीं.

आतां काडतुसाकडे वळूं. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'कार्तुशु' यावरून आला, व त्याच्या मुळाशीं कागद या अर्थाचा लॅटिन 'कार्ता' हा शब्द आहे. म्हणजे काडतूस याचा मूळ अर्थ कागदाची सुरळी एवढाच. आज तें पितळेचें झालें तरी नांव कागदाचेंच चालूं आहे, व भाषेच्या अभ्यासकास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. एका सुरळींत मोजलेली दारू व गोळी एकत्र बांधिली कीं बार पहिल्यानेंच बाणासारखा एकवस्तु झाला. शिपायानें सुरळीचें टोंक दांतांनीं फोडावें, थोडी दारू रंजकाच्या पेल्यांत टाकावी, उरलेली नळींत ओतावी, मागोमाग गोळी कागदासकट सोडावी व गजानें ठासावी. पेटलेला तोडा जाऊन चकमकीचा चाप आल्यावर काडतुसें अंगावर बाळगणें पुष्कळच निर्धास्त झालें. त्यामुळें चकमकीची बंदूक व काडतुसांची पेटी हीं बहुतेक सर्वत्र जोडीनें प्रचारांत आलीं.

या पेटीसच आपल्या कागदांत तोसदान म्हटलेलें आढळतें. शब्द फारशी, तोशा म्हणजे वाटेवरची शिदोरी व दान म्हणजे पात्र. मूळचा अर्थ शिदोरीची पिशवी. प्रवाशाच्या भाकरीची पिशवी ती शिपायाच्या काडतुसांची पेटी कशी झाली, याचें उत्तर सोपें आहे: दोन्ही कडेला लटकविण्याच्या, व दोन्हींवांचून मुक्काम गांठणें कठीण. परंतु याच अर्थांतरामुळें वाचकानें सावध राहिलें पाहिजे. एखाद्या जुन्या प्रवासखर्चाच्या यादींत तोसदान आलें म्हणून तेथें काडतुसें होतीं असें मानूं नये. आणि उलट, बंदुका, संगिनी व पट्टे यांच्या ओळींत तें आलें तर तेथें शिदोरी शोधूं नये.

तोसदानाची रचना पाहिली म्हणजे बनविणाऱ्याची बुद्धि दिसते. आंत लांकडाचा एक ठोकळा, त्यास रांगेनें पाडलेलीं भोकें, प्रत्येक भोकांत एक काडतूस उभें. कागदी सुरळी एकमेकींस घासली तर फाटते व दारू सांडते; ठोकळ्यामुळें तें टळतें. वरून जाड चामड्याचें झांकण, तें पुढें पुष्कळ खालपर्यंत लोंबणारें, म्हणजे पावसाचें पाणी आंत न जातां ओघळून जावें. झांकण खालीं एका गुंडीस अडकतें, म्हणजे धांवतांना उघडूं नये. पेटी उजव्या कुल्ल्यावर थोडी मागें राहील अशा बेतानें पट्टा डाव्या खांद्यावरून घेतात, कारण काडतूस काढणारा हात उजवा, आणि पुढें ठेवली तर ती चापाच्या ठिणगीच्या जवळ येते. नेपोलियनबरोबरच्या युद्धांत इंग्रजी शिपाई सामान्यतः साठ काडतुसें वागवीत असे.

येथें दफ्तरें वाचणाराच्या उपयोगाचा मुद्दा येतो. ठासणीच्या बंदुकींचा आंकडा मोठा व तोसदानांचा आंकडा शून्य अथवा नाममात्र, अशी यादी असेल तर ती फौज शिंग-बटव्यावाल्या बरकंदाजांची समजावी. बंदुका व तोसदानें यांचे आंकडे जवळजवळ जुळत असतील तर ते लोक कवाइती, म्हणजे गारद्यांच्या अथवा पलटणींच्या धर्तीचे असले पाहिजेत. सन १७६१ च्या पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचें पथक आणि सन १७८४ पासून महादजी शिंद्यांसाठीं द बॉइन यानें उभारलेल्या पलटणी यांचें वैशिष्ट्य केवळ पाश्चात्य कवाइतींत नव्हतें. एकसारखा मारा चालूं ठेवावयाचा तर प्रत्येक शिपायाजवळ सारख्या मापाचीं काडतुसें, तीं बांधणारे कारीगर, कागद, शिसें व दारू यांचा अखंड पुरवठा आणि मागें भरलेल्या गाड्या पाहिजेत. या गाड्यांचा धोकाहि तितकाच मोठा. सन १७९३ मध्यें लाखेरी येथें होळकरांच्या फौजेशीं झालेल्या लढाईंत द बॉइनच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट होऊन त्याच्या सैन्यावर ऐन वेळीं कठीण प्रसंग ओढवला होता. जो बार अंगावर विभागून वागविला जात नाहीं, तो एका ठिगळीनें सर्वच्या सर्व जातो, असा त्याचा अर्थ.

काडतुसाच्या बांधणीची गोष्ट निघाली म्हणजे सन १८५७ चा उल्लेख टाळतां येत नाहीं, पण तो इतका चर्चिला गेला आहे कीं येथें विस्तार नको. एन्फील्ड रायफलीच्या नळीस आंतून आटे असत, गोळी घट्ट बसावी व सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदास चरबी लावीत, आणि तो कागद दांतांनीं फोडावा लागे. त्या वर्षाच्या जानेवारींत दमदम येथें संशय उठला. २४ एप्रिल रोजीं मीरतेस तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें, आणि १० मे रोजीं भडका उडाला. त्या उठावाचीं कारणें काडतुसापेक्षां फार खोल होतीं हें खरेंच. परंतु बार कशांत बांधावा हा प्रश्न शिपायाच्या धर्मापर्यंत जाऊन भिडूं शकतो हें त्या वेळीं जगानें पाहिलें.

यानंतर दहा-पंधरा वर्षांत पितळी काडतूस आलें व कागद, चरबी, रंजक हीं सर्व प्रकरणें मिटलीं. आमच्या पुण्याशेजारीं खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना सन १८६९ मध्यें निघाला तो याच संक्रमणकाळांत. पितळी काडतुसास ओल सहसा बाधत नाहीं. तें सांडलें तरी फुटत नाहीं. पण आतां बंदूक इतक्या जलद चालूं लागली कीं अंगावरचा सांठा भराभर सरूं लागला. सन १८७९ च्या २२ जानेवारीस दक्षिण आफ्रिकेंत इसांडल्वाना येथें झुलु लोकांनीं इंग्रजी छावणीचा फडशा पाडला तेव्हां प्रत्येक गोऱ्या शिपायाजवळ सत्तर काडतुसें होतीं: पुढच्या दोन पेट्यांत वीस-वीस व कमरेच्या चामडी पिशवींत सुटीं तीस. छावणींत सहाशें-सहाशें काडतुसांच्या पेट्या भरलेल्या होत्या, परंतु ओळ फार लांबवर पसरली होती. पेट्या उघडण्यास वेळ लागला म्हणून पराभव झाला कीं ओळ मुळांतच विरळ होती म्हणून, हा वाद अद्याप चालतो. आमच्या मतें दुसरें कारण अधिक बलवत्तर आहे. तरीहि अंगावरचीं सत्तर आणि छावणींतलीं हजारों यांतला भेद त्या दिवशीं पुरता उघडा पडला.

बोअर लोकांशीं झालेल्या युद्धांत, म्हणजे सन १८९९ ते १९०२ या काळांत, याची उलट बाजू दिसली. इंग्रजी स्वारांच्या पट्ट्यांतून काडतुसें गळत, आणि बोअर लोक शत्रूनें मुक्काम हलविला कीं ती जागा धुंडाळून तीं वेंचीत. युद्धाच्या अखेरीस त्यांच्या स्वतःच्या मौझर बंदुकांचीं काडतुसें संपलीं तेव्हां त्यांनीं इंग्रजांच्याच बंदुका धरिल्या व त्या या वेंचलेल्या काडतुसांवर चालविल्या. डेनीस राइट्झ या तरुण बोअर लढवय्यानें आपल्या आठवणींत हें नमूद केलें आहे. शत्रूचा भाता भरण्याचें काम आपल्याच शिवणकाऱ्यानें करावें, यापरता विनोद कोणता! युद्ध संपतांच सन १९०३ मध्यें झांकणाचे पांच कप्पे व प्रत्येकीं दहा काडतुसें असा नवा चामडी पट्टा इंग्रजी फौजेनें घेतला.

आतां मॅगझीन. हा शब्द अरबी 'मख्जन', म्हणजे कोठार, यावरून इटलीमार्गें फ्रान्सांत व तेथून इंग्रजींत गेला. प्रथम त्याचा अर्थ दारूखाना असाच होता, आणि तो अर्थ अद्याप जिवंत आहे. पुढें बंदुकीच्या पोटांतील काडतुसांच्या लहान डबीस तेंच नांव पडलें. ही नुसती शब्दांची गंमत नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, सन १७१५ च्या सुमारास, किल्ल्यावरील दारूखान्याविषयीं जी दक्षता सांगितली आहे ती पाहावी: तो राहत्या घरांजवळ नसावा, घरांच्या वाऱ्याखालीं नसावा, आंत गच करून तळघर असावें, ओल शिरूं नये, व दारू ठरल्या दिवसांनीं बाहेर काढून ऊन देऊन पुन्हां ठेवावी. अग्नि, ओल आणि वेळोवेळची तपासणी हे जे तीन नियम अमात्यांनीं कोठारास घातले तेच शिपायाच्या कमरेच्या डबीसहि लागूं आहेत. कोठार लहान झालें, नियम तेच राहिले.

डबी बंदुकीपासून सुटी करतां यावी ही कल्पना जेम्स पॅरिस ली याची. तिचें पेटंट सन १८७९ चें आहे. भरलेल्या डब्या कमरेला बाळगाव्या व रिकामी झाली कीं बदलावी हें आज इतकें सरळ वाटतें; परंतु इंग्रजी फौजेनें सन १८८८ त ली-मेटफर्ड रायफल घेतली ती डबी एका कडीनें बंदुकीस जखडूनच. कारण उघड आहे. शिपाई काडतुसें उधळील ही वरिष्ठांची भीति फार जुनी. म्हणून एकेक काडतूस हातानें घालून मारा करावा, व डबींतला सांठा निकराच्या वेळेसाठीं राखावा, असा नियम होता, आणि डबीचा मार्ग बंद करणारी एक पट्टीहि बंदुकीस बसविली होती. दरम्यान युरोपांत दुसरी युक्ति पुढें गेली: पांच काडतुसें पत्र्याच्या एका पट्टींत अडकवून तीं एका दाबासरशीं पोटांत ढकलणें. मान्लिखरच्या ऑस्ट्रियन बंदुकींत पट्टीसह काडतुसें आंत जात, मौझरच्या बेल्जियन बंदुकींत, सन १८८९ त, पट्टी बाहेर राही. ली-एन्फील्डनें ही दुसरी पद्धति सन १९०३ पासून उचलली व त्या पट्टीस चार्जर म्हणूं लागले.

सन १९०८ च्या विणलेल्या सुती पट्ट्यांच्या सामानांत शिपायाच्या दोन्ही बाजूंस पांच-पांच कप्पे होते, प्रत्येक कप्प्यांत तीन चार्जर. म्हणजे दीडशें काडतुसें. एका काडतुसाचें वजन सुमारें २५ ग्रॅम, तेव्हां नुसत्या पितळ-शिशाचें ओझें पावणेचार किलोग्रॅमांच्या घरांत जातें. हें ओझें खांद्यांवरून दोन्हीकडे सारखें वाटून घेतल्यामुळें चालणाराची पाठ वांकत नाहीं, ही या सामानाची खरी थोरवी. त्यांतहि खोड निघालीच. पहिल्या महायुद्धांत खंदकाच्या बांधास टेकून मारा करितांना डाव्या बाजूचे खालचे कप्पे घासून उघडत व चार्जर चिखलांत पडत. म्हणून सन १९१४ मध्येंच त्यांस आंतून एक जादा बंद लावावा लागला. संग्राहकाच्या हातीं असले कप्पे आले तर हा बंद आहे कीं नाहीं तें पाहावें. काळ ठरविण्यास तो उपयोगी आहे.

सुटीं मॅगझिनें भरून बाळगण्याची पद्धति पायदळांत सर्रास झाली ती ब्रेन तोफेबरोबर. ही हलकी मशीनगन मूळ चेकोस्लोव्हाकियांतील बर्नो येथील. बर्नो व एन्फील्ड या दोन गांवांच्या पहिल्या अक्षरांवरून तिचें नांव झालें. सन १९३७ च्या सामानांत छातीच्या खालीं दोन मोठ्या चौकोनी पिशव्या आल्या, प्रत्येकींत ब्रेनचीं दोन मॅगझिनें मावतील एवढ्या. यांतील तत्त्व असें कीं तुकडींतली ब्रेन एकच असली तरी तिचा बार तुकडींतील प्रत्येक जण वागवी. ओझें वांटलें जाई, व एक शिपाई पडला म्हणून भाता नाहींसा होत नसे. लाखेरीच्या गाड्यांशीं याची तुलना वाचकांनींच करावी. मॅगझिनांत काडतुसें तीस मावत, परंतु तळाच्या स्प्रिंगेवर फार ताण येऊं नये म्हणून बहुधा अठ्ठावीसच भरीत. शिवाय त्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली कड असे. भरतांना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढें बसली पाहिजे. ती मागें राहिली तर दोन कडा एकमेकींत अडकून बंदूक ऐन वेळीं मुकी होई. म्हणजे मॅगझीन भरणें हें निवांत वेळीं, उजेडांत, लक्षपूर्वक करण्याचें काम आहे. लढाईंत तें फक्त बदलतां येतें, आणि कधीं कधीं तेंहि नाहीं.

याचें उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. माणगांव तालुक्यांतील, तेव्हांच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांतील, नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. सन १९४४ च्या १० जुलै रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज सर्व जण पडले. ते एकटेच त्या ठाण्यावर धांवून गेले. प्रथम हातबाँब टाकून मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केलें, मग आपल्या टॉमीगननें आणखी एकास मारिलें. मॅगझीन बदलण्यास सवड उरली नाहीं, तेव्हां त्यांनीं बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्यानें ठार केलें. त्यानंतर लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मरणोत्तर मिळाला, आणि त्याच्या मानपत्रांत मॅगझीन बदलण्यास वेळ नव्हता ही गोष्ट स्पष्ट नमूद आहे. कमरेची पिशवी व बंदूक यांमधलें अंतर वीतभराचें. तेवढें ओलांडण्यास लागणारे दोन-तीन क्षण म्हणजे काय, हें त्या एका वाक्यांत कळतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनीं तीस काडतुसांच्या मॅगझिनाची नवी रायफल काढिली व तिच्यासाठीं तीन-तीन लांब कप्प्यांच्या सुती पिशव्या केल्या. त्यामागून कलाश्निकोव्ह रायफल आली. तिचें मॅगझीन केळ्यासारखें वांकडें असतें, कारण तिचें काडतूस बुडाकडून टोंकाकडे निमुळतें होत जातें, आणि निमुळत्या वस्तु एकीवर एक रचल्या कीं रास आपोआप वळते. चिनी फौजेनें अशीं तीन मॅगझिनें छातीवर आडवीं बांधण्याची पिशवी केली. पाठीवर पट्टे तिरपे, कमर मोकळी. पालथें पडून सरपटण्यास ती अडचणीची. परंतु बसून, वांकून, भातशेतांतून वा नांवेंतून जाणारास अत्यंत सोयीची, व गोळ्यांस थोडी आडहि होते. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यांत झालेल्या सेल्फ-लोडिंग रायफलीचें मॅगझीन वीस काडतुसांचें होतें; पुढें आलेल्या इन्सास रायफलीचेंहि वीसांचेंच, पण अर्धपारदर्शक, म्हणजे आंत किती उरलीं तें दिसावें. बर्फाळ प्रदेशांत तें तडकत असल्याच्या तक्रारी झाल्या. काडतुसें दिसावीं ही सोय व डबी तडकूं नये ही सोय यांत दुसरी वरचढ मानावी लागते.

भरलेलीं मॅगझिनें पिशवींत कशीं ठेवावीं याविषयींचे शिपायांचे संकेत आतां बहुतेक सर्वत्र सारखे झाले आहेत. तोंड खालीं, म्हणजे धूळ, पाणी व गवताचीं कुसळें आंत जात नाहींत; सर्व गोळ्यांचीं टोंकें एकाच दिशेस, म्हणजे अंधारांत हात घातला तरी मनगट न फिरवितां मॅगझीन बंदुकीस लागतें; पहिलें हाताशीं येणारें तें भरलेलेंच, रिकामें त्या कप्प्यांत कधीं परत ठेवावयाचें नाहीं; दोन मॅगझिनें एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून मध्यें पडदा. ऑररीच्या चार कसोट्या येथें जशाच्या तशा आढळतील. मॅगझीन भरून ठेवल्यानें स्प्रिंग बसते असा एक समज पुष्कळांत आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दबून राहिल्यानें सहसा मरत नाहीं. ती झिजते वारंवार दाबल्या-सोडल्यानें, अथवा तिच्या शक्तीपलीकडे कोंबल्यानें. ब्रेनमध्यें दोन काडतुसें कमी भरण्याची चाल या दुसऱ्या कारणासाठीं होती.

आतां संग्राहकांसाठीं चार गोष्टी. काळी दारू कोरडी राहिली तर शेंदोनशें वर्षांनींहि पेट घेते. म्हणून जुनें शिंग वा रंजकदाणी निव्याजवळ नेऊन, अथवा आंत जळती काडी धरून कधींहि पाहूं नये. ठासणीच्या बंदुकींत भरलेला बार तसाच राहून गेल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. गज नळींत पूर्ण सोडून तोंडाशीं खूण करावी, मग बाहेरून नळीवर धरून ती खूण कानापर्यंत पुरते कीं नाहीं पाहावें; बोटें-दोन बोटें कमी भरली तर आंत बार आहे असें समजून जाणत्याच्या हवालीं करावी. चामड्याच्या पट्ट्यांत पितळी काडतुसें वर्षानुवर्षें राहिलीं कीं हिरवा कळंक चढतो व चामडें कुजतें. तेव्हां पट्टा व काडतुसें निराळीं ठेवणें बरें. काडतूस जिवंत असेल तर तें बाळगण्यास १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्याप्रमाणें परवाना लागतो, मग तें कितीहि जुनें व शोभेचें असो.

तोसदान मिळालें तर आंतला लांकडी ठोकळा फेकूं नये. त्याच्या भोकांची संख्या, भोकाचा व्यास व खोली हीं मोजून टिपून ठेवावीं. व्यासावरून गोळीचें माप आणि त्यावरून कोणत्या जातीच्या बंदुकीचें तें तोसदान हें पुष्कळदां ठरवितां येतें. झांकणाच्या आंतल्या बाजूस क्वचित् मोडींत अथवा फारशींत आंकडा, पलटणीचें नांव किंवा शिक्का असतो. तो तेल लावण्यापूर्वीं तिरप्या उजेडांत वाचून त्याचा ठसा घ्यावा, कारण एकदां तेल मुरलें कीं अक्षरें दिसेनाशीं होतात.